पेऱ्याआधीचा हिशेब

कृषी सहाय्यक म्हणून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांत गेली. मंगळवेढा, मोहोळ, सांगोला, करमाळा, कुठंही बदली झाली तरी भाद्रपद सरत आला की लोक एकच प्रश्न घेऊन यायचे, नाहीतर मी तो घेऊन त्यांच्याकडं जायचे. यंदा ज्वारी कुठली पेरायची? दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याच्या घरात या प्रश्नावर जेवढा विचार होतो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर होत असेल. बाहेरच्या माणसाला तो दिसत नाही. तो कुठं लिहिलेला नसतो आणि एकाच माणसानं एका बैठकीत केलेलाही नसतो. तो कसा होतो हे मला त्या घरांनीच दाखवलं.

कामावर रुजू होताना शिफारशींचं पत्रक मला तोंडपाठ होतं. रब्बी ज्वारीचा वाण जमिनीच्या खोलीवरून ठरवायचा. फूटभर खोलीची हलकी जमीन असेल तर लवकर येणारी फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी काळ्या जमिनीला फुले वसुधा, फुले यशोदा किंवा परभणी मोती, आणि पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. राहुरीच्या आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी वर्षानुवर्षं खपून हे वाण दिले आहेत आणि त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. रब्बी ज्वारी वाढते ती सरलेल्या पावसाच्या ओलीवर. माळाच्या रानात ही ओल मार्गशीर्षातच आटते. कणीस भरायच्या वेळी ओल संपली की खडखड्या येतो. ताट आतून पोकळ होतं, वाऱ्यावर खडखडायला लागतं आणि उभं पीक आडवं होतं. म्हणून जमीन जितकी उथळ तितका वाण कमी दिवसांचा हवा.

आणि या सगळ्या वाणांच्या आधीपासून शिवारात ठाण मांडून बसलेली मालदांडी. तिचा एम ३५-१ हा वाण १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडून काढला गेला. त्यानंतर धान्याच्या उताऱ्यात तिला मागं टाकणारे वाण आले, तरी तिचं रान हटलं नाही. लोक अडाणी आहेत, जुनं सोडत नाहीत, असं यावर बोलणारे मला पुष्कळ भेटले. मी जी घरं पाहिली त्यांत हे मुळीच खरं नव्हतं.

सुरुवातीच्या एका गावातला शेतकरी आठवतो. जमीन पाच एकरांच्या आत, तीही तीन तुकड्यांत. एक तुकडा माळावर, हातभर खाली मुरूम लागणारा. दुसरा ओढ्याच्या काठचा, काळ्याभोर खोल मातीचा. तिसरा घरामागचा, विहिरीचं थोडंफार पाणी मिळणारा. मी नव्या वाणाचं बियाणं घेऊन गेले तेव्हा एकरी किती पोती पडतात हा माझ्या मते पहिला प्रश्न होता. त्यांनी तो विचारलाच नाही. "किती दिवसांची हाय? ताट केवढं व्हतं? बोंडं मशीनमधी सुटतात का? बैल खातो का न्हाई?" असे एकामागून एक प्रश्न आले. मग पिशवी हातात घेऊन ते गप्प बसले. नंतर म्हणाले, "माळावर टाकू. काळ्यात नको."

त्या वर्षी माळावर नवा वाण, काळ्या रानात मालदांडी आणि घरामागं चार तासं गूळभेंडीची, हुरड्यासाठी, असा पेरा झाला. लेकी-जावई हुरड्याला यायचे, त्यांच्यासाठी ती चार तासं राखलेली असत. माळावरच्या तुकड्यात त्यांना तसंही फार मिळत नव्हतं, तेव्हा नव्याची परीक्षा तिथं घ्यायची आणि ज्यावर वर्षाचं धान्य अवलंबून आहे त्या काळ्या रानाला हात लावायचा नाही, हा त्यांचा विचार. पुढं अनेक घरांत मला हाच क्रम दिसला. छोटा शेतकरी क्वचितच एका वाणाकडून दुसऱ्याकडं उडी मारतो. तो नव्याला जागा करून देतो, आणि ती जागा कुठली हे तोच ठरवतो. वर्ष-दोन वर्षांत नवा वाण माळावर नीट उभा राहिला की मग तो खाली उतरतो. काही वाण कायम माळावरच राहतात. ते अपयशी ठरले असं मला कधी वाटलं नाही. त्यांना त्यांचं रान सापडलं होतं.

पाखरांचा धडा मला दुसऱ्या एका गावात मिळाला. तिथल्या एका होतकरू तरुणानं लवकर येणारा वाण मोठ्या हौसेनं एकरभर पेरला. पीक जोमदार आलं, खोडमाशीतून वाचलं, कणसं भरली. मात्र भोवतीची सगळी मालदांडी अजून हिरवी होती. अख्ख्या शिवारात दाणा भरलेलं रान हे एकच, त्यामुळं पाखरांचे थवेच्या थवे त्याच्यावर उतरले. घरातली दोन माणसं उजाडल्यापासून माळ्यावर गोफण घेऊन उभी राहिली, तरी बांधालगतची कणसं निम्मी रिकामी झाली. पुढच्या वर्षी त्यानं तो वाण सोडला नाही. शेजारच्या तिघांना तोच पेरायला लावला. चौघांची रानं एकदम भरली आणि पाखरं वाटली गेली. वाणाची निवड एकट्याच्या बांधात संपत नाही, ती शिवाराची असते, हे मला तेव्हा नीट कळलं. पत्रकात दिवसांचा आकडा असतो, पण शेजाऱ्याच्या रानात त्या दिवशी काय उभं असेल हे शेतकऱ्यालाच धरावं लागतं.

कडब्याची गोष्ट याहून मोठी. ज्वारी हे दुहेरी पीक आहे हे आम्ही शिकलेलो असतो. पण त्याचं वजन कळायला दावणीजवळ उभं राहावं लागतं. एका शिवारफेरीत आम्ही नव्या वाणाच्या प्लॉटवर सगळ्यांना नेलं होतं. भरलेली कणसं पाहून तरुण खूश झाले. एक म्हातारे आबा मात्र कणसाकडं न बघता खाली वाकले. त्यांनी ताट मोडलं, आतला गाभा बघितला, एक कांडं दातानं सोलून चावलं आणि बराच वेळ चघळलं. मग पानाची शीर अंगठ्यानं दाबून पाहिली. परत निघताना दोन ताटं बरोबर घेतली आणि घरी गेल्यावर बैलापुढं टाकली. बैलानं पानं खाल्ली आणि ताटाचा बुडखा सोडला. आबांचा निर्णय झाला होता. "धान्याला बरी हाय. पर बैल उपाशी ऱ्हाईल," एवढंच ते बोलले.

हे बैलाच्या प्रेमापोटी बोललेलं वाक्य आहे असं कुणाला वाटेल. प्रेम होतंच, पण त्यात रोकडा हिशेबही होता. कडबा पेंढ्यांच्या शेकड्यावर विकला जातो. टंचाईच्या साली त्याचा पैसा धान्याच्या बरोबरीनं येतो, कधी त्याहूनही जास्त. ज्याच्या दावणीला एक म्हैस आणि दोन शेळ्या आहेत, त्याच्या घरात रोजचा पैसा दुधातून येतो. ज्वारीचा पैसा वर्षातून एकदा. त्या म्हशीला काय लागतं ते पाहून तो बी निवडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

संकरित ज्वारीच्या इतिहासातही हेच दिसतं. भारतातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, १९६४ साली आला. खरिपात संकरित वाणांनी धान्याचे ढीग लावले, आणि तंगीच्या त्या काळात हायब्रीडनं लोकांची पोटं भरली हे विसरून चालणार नाही. पण ताट बुटकं, कडबा कमी, आणि काढणीच्या सुमाराला पाऊस लागला की दाण्यावर बुरशी येऊन तो काळा पडायचा. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही आणि ताटात चव नाही. दरसाल नवं बी विकत घ्यायचं ते वेगळंच. रब्बीच्या पट्ट्यात संकरित वाणांनी मूळ धरलं नाही, यामागं कमी कडबा आणि विकतचं बी ही कारणंही होती.

मी बाई असल्यामुळं मला आणखी एका ठिकाणी प्रवेश मिळाला, आणि तिथं मी सगळ्यांत जास्त शिकले. ते म्हणजे स्वयंपाकघर. एका घरात नव्या वाणाची रास झाल्यावर मी मुद्दाम गेले होते. घरातल्या थोरल्या बाई म्हणाल्या, "बस पोरी. आधी भाकर खा, मग सांगते." त्यांनी दोन पिठं शेजारी शेजारी ठेवली होती, एक मालदांडीचं, एक नव्याचं, दोन्ही त्याच सकाळी दळलेली. आधी चिमूटभर पीठ ओलं करून त्यांनी बोटांत ताणून पाहिलं, त्याला किती विरी आहे ते बघायला. मग दोन्ही पिठं साध्या पाण्यात मळली. गरम पाणी घेतलं की कमी विरीचं पीठही जमून येतं, म्हणून ते मुद्दाम टाळलं. मालदांडीचा गोळा परातीत थापताना गोल पसरत गेला. नव्याच्या भाकरीला काठाशी चिरा पडायला लागल्या. त्या त्यांनी ओल्या बोटानं बुजवल्या. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं, उलटली, मग निखाऱ्यावर धरली. दोन्ही फुगल्या. मला वाटलं, जमलं. त्यांनी मान हलवली. दोन्ही वाणांची एकेक भाकरी फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवली आणि मला दुसऱ्या दिवशी दुपारी यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मालदांडीची भाकरी घडी घालता येईल इतकी मऊ होती. नव्याची मोडली. "रानात बारा वाजता खायची असती," बाई म्हणाल्या, "सकाळी चुलीपुढं न्हाई." त्या घरात नवा वाण बंद झाला नाही. पण तो विकायचा ठरला आणि खायची मालदांडी वेगळी राहिली. हा निकाल कर्त्या पुरुषानं मला रानात सांगितला तेव्हा तो त्याचाच वाटला असता. तो कुठं झाला होता हे मी पाहिलं होतं म्हणून मला माहीत होतं. पुढं मी कुठल्याही प्रात्यक्षिकाचा अहवाल भाकरी झाल्याशिवाय पुरा मानला नाही.

बियाणंही पुष्कळ ठिकाणी बायकांच्याच हातात असतं. काढणीच्या आधी रानात फिरून भरघोस, घट्ट, मोत्यासारख्या दाण्याची कणसं हेरायची, ती वेगळी मोडायची, उन्हात वाळवून राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायची. ज्वारीत परागीकरण बहुतांशी त्याच कणसात होतं, त्यामुळं सुधारित वाणाचं घरचं बी नीट निवडलं तर काही वर्षं चांगलं चालतं. एकराला चार किलो बी पुरतं. एवढं बी घरात असणं ही गरिबाची मोठी ताकद आहे. पाऊस उशिरा आला, वापसा दोनच दिवस टिकणार असेल, तर ज्याच्या घरात बी आहे त्याचीच पेरणी वेळेवर होते. वेळ टळली की खोडमाशी पोंगे मारते, नाहीतर पुढं ओल कमी पडते. सरकारी बियाणं कितीही चांगलं असलं तरी ते घातीवर पोचलं पाहिजे. माझ्या नोकरीत ते उशिरा पोचलेली सालं मी पाहिली आहेत. त्या सालांत घरच्या बियांनी शिवार पेरलं.

एक विधवा बाई मला आठवतात. एकर-सव्वा एकराचं रान, बाकी सगळी मजुरी. मी अनुदानाचं बियाणं देऊ केलं तर त्यांनी हात जोडून नको म्हटलं. बी त्या दरसाल गावातल्याच एका घरातून सवाईनं आणायच्या, चार पायली नेलं तर पाच पायली परत. मला हे समजेना. फुकटासारखं मिळणारं सोडून सवाई कशाला? त्यांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, तिचं पीक मी सालभर येता-जाता बघितलेलं असतंय. कुठं लवंडलं, कुठं भरलं, समदं ठावं असतं. आन् न्हाई उगवलं तर तिच्या दारात जाऊन बसता येतं. तुमच्या दारात मी कवा येऊ?" ओळखीच्या घरातून आलेल्या बियाबरोबर त्याची सगळी माहिती येते आणि जबाबदारीही येते. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा आणि छापाशिवाय विकायचाही हक्क दिला आहे. कायद्यात लिहिलेला हा हक्क त्या बाईंच्या रोजच्या जगण्यात कितीतरी आधीपासून होता.

वाईट सालाचं महत्त्व मला २०१२ च्या दुष्काळानं शिकवलं. त्या वर्षी कित्येक रानांत कणीस बाहेरच पडलं नाही. आमच्या तक्त्यांत सरासरी उत्पादन असतं. सरासरी ही चांगल्या-वाईट सालांची बेरीज असते, आणि मोठ्या शेतकऱ्याला ती पुरते, कारण वाईट साल सोसायला त्याच्याकडं साठा असतो. दोन एकरवाला वाईट सालात एकदा दागिना मोडून बसला की पुढच्या चांगल्या सालाचा उतारा त्याला वर काढू शकत नाही. त्या दुष्काळात ज्यांनी उंच ताटाची मालदांडी पेरली होती त्यांच्या हाती दाणा आला नाही, पण वैरण आली. गुरं छावणीत न्यावी लागली तरी विकावी लागली नाहीत. त्याच गावात माळावर लवकर येणारा वाण पेरलेल्यांना थोडा दाणा मिळाला. ज्यांच्याकडं दोन्ही होतं ते त्यातल्या त्यात सावरले. मालदांडी की नवा वाण, हा वाद तिथंच माझ्यापुरता संपला. त्या घरांना दोन्ही लागत होतं.

यानंतर माझी कामाची पद्धत बदलली. एकरभराची प्रात्यक्षिकं चालूच राहिली, त्यांचं महत्त्व आहे. पण त्यांच्या जोडीनं मी इच्छुक घरांना तीन-चार वाणांचं मूठ-मूठ बी द्यायला लागले. नेहमीच्या रानात, नेहमीच्या पद्धतीनं, प्रत्येकाची चार-चार तासं. खत-पाण्यात वेगळं काही करायचं नाही. पिकल्यावर कणसं, कडबा आणि भाकरी, तिन्ही बघून त्यांनीच सांगायचं. मी निकाल विचारायला जायची तेव्हा घरातल्या दोघांनाही समोर बसवायची. लोकांनी काही वाण सरळ नाकारले, काही माळापुरते घेतले, काही लाह्यांपुरते. फुले पंचमीच्या लाह्या पाहून एका गटातल्या बायकांनी तो वाण फक्त त्यासाठी उचलला आणि नागपंचमीच्या आधी लाह्या विकल्या. ही निवड मला पत्रकावरून कधीच सुचली नसती.

आता परिस्थिती पुन्हा बदलते आहे आणि तीही स्वच्छ डोळ्यांनी पाहायला हवी. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. शहरांत भाकरीला पुन्हा मान आला. केंद्र सरकार हमीभावातही मालदांडीला वेगळं धरतं. २०२३-२४ च्या हंगामात संकरित ज्वारीला क्विंटलला ३,१८० रुपये होते आणि मालदांडीला ३,२२५. शुभ्र, टपोऱ्या मालदांडीला चोखंदळ गिऱ्हाईक जो दर देतं तो पाहता हा ४५ रुपयांचा फरक तोकडा होता. दुसरीकडं ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही. पुरुषभर उंचीचं ताट मुळासकट उपटणं, कणसं मोडणं, पेंढ्या बांधणं हे कष्ट तरुण पोरं का सोसतील? ट्रॅक्टरनं बैलाची जागा घेतली तिथं कडब्याची गरजही कमी झाली. हरभरा लवकर निघतो, यंत्रानं निघतो. जे तरुण बुटकी, यंत्रानं काढता येणारी ज्वारी मागतात किंवा ज्वारीच सोडतात, त्यांचा हिशेब त्या आबांच्या हिशेबाइतकाच खरा आहे. फक्त त्यांच्या दावणीला बैल नाही. आपल्या दावणीकडं बघूनच दोघंही निवड करतात.

नव्यानं रुजू होणाऱ्या मुला-मुलींना मी म्हणूनच एवढं सांगते. रानात गेलात की आधी जमिनीचे तुकडे किती आणि कसे ते विचारा. दावणीला काय आहे ते बघा. रास झाल्यावर किती खायची आणि किती विकायची ते विचारा. काढणीला कोण येणार ते विचारा. आणि हे सगळं घरातल्या बाईला विचारल्याशिवाय उठू नका. मगच वाणाचं नाव काढा.

आणि ज्यांच्या हातात पत्रकं तयार करणं आहे त्यांच्याकडं माझी मागणी आहे. वाणाच्या नावापुढं हेक्टरी धान्याचा आकडा असतो, तो राहू द्या. त्याला लागून कडबा किती, तो जनावर किती आवडीनं खातं, भाकरी किती वेळ मऊ राहते, बोंडं यंत्रात सुटतात का, आणि पाऊस दगा देतो त्या साली पदरात काय पडतं, हेही तितक्याच ठळक अक्षरांत छापा. यातलं बरंचसं आपल्या संशोधन केंद्रांवर मोजलं जातंच, पण ते बांधापर्यंत येत नाही. ते आलं तर कुठला वाण कुठल्या रानात टाकायचा हे सांगायला आमची गरज फारशी उरणार नाही. दोन एकरवाल्याला तो हिशेब येतो. त्याला पुरी माहिती हवी, घातीवर पोचणारं चांगलं बी हवं, आणि चार तासं स्वतः पारखून बघायची मुभा हवी.